ग्रीक तत्त्वज्ञान आणि चिकित्सक विचार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सॉक्रेटिस, प्लेटो किंवा ॲरिस्टॉटल यांच्याविषयी वाचताना, अथवा एखाद्या वादात ‘हा तर्कदोष आहे’ असे ऐकल्यावर वाचक जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. आरंभीचे प्रश्न प्राथमिक आहेत, पुढचे अधिक अडचणीचे आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. पुनरुक्ती टाळण्यासाठी गरजेप्रमाणे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. चिकित्सक विचार म्हणजे नेमके काय? प्रत्येक गोष्टीत खोट काढणे म्हणजेच चिकित्सा का?

मराठीत ‘तो फार चिकित्सक आहे’ हे वाक्य बहुधा कौतुकाने उच्चारले जात नाही. मंडईत प्रत्येक वांगे उलटेपालटे करून शेवटी काहीच न घेता पुढे जाणाऱ्या गिऱ्हाइकाला ते लावले जाते, आणि त्यामुळे चिकित्सक विचार म्हणजे नापसंतीची सवय असा गैरसमज होतो. मूळ ग्रीक क्रियापद ‘क्रिनेइन’ याचा अर्थ वेगळे करणे, निवडणे, निवाडा करणे असा आहे. सुपात धान्य पाखडताना फोल उडून जाते, पण पाखडण्याचा हेतू दाणे हाती यावेत हाच असतो. एखादे मत स्वीकारण्यापूर्वी ते कशाच्या आधारावर उभे आहे, तो आधार खरा आहे का, आणि खरा असला तरी त्यातून हे मत निघते का, एवढे तपासून मग ते ठेवायचे की टाकायचे हे ठरवणे म्हणजे चिकित्सक विचार.

ही संज्ञा आजच्या अर्थाने आधुनिक आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी १९१० साली ‘हाउ वुई थिंक’ या ग्रंथात ‘विमर्शात्मक विचार’ या नावाने तिची जी मांडणी केली, तिचा विसाव्या शतकातील शिक्षणविचारावर मोठा प्रभाव पडला. हेच ड्यूई पुढे कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे प्राध्यापक होते. संज्ञा नवी असली तरी तिच्यातील जवळजवळ प्रत्येक हत्यार मात्र ग्रीकांच्या भात्यात सापडते.

२. या परंपरेचा आरंभ थेलीझपासून का सांगितला जातो? त्याचे ‘सर्व काही पाण्यापासून झाले’ हे मत तर चुकीचे आहे.

मत चुकीचे आहे यात शंका नाही. महत्त्वाचे आहे ते त्या मताचे पुढे काय झाले हे. थेलीझ इ. स. पू. सहाव्या शतकात मायलेटस या नगरात होऊन गेला. हे ठिकाण आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. पृथ्वी पाण्यावर तरंगते असे तो मानत असे. त्याच नगरातील, त्याच्याच नंतरच्या पिढीतील ॲनॅक्झिमँडरने हे उत्तर मान्य केले नाही. पृथ्वीला पाण्याचा आधार मानला तर पाण्याला कशाचा, हा प्रश्न उरतोच. म्हणून पृथ्वीला कशाचाच आधार नाही, ती सर्व बाजूंपासून सारख्याच अंतरावर असल्यामुळे कोणत्याही एका दिशेला सरकण्याचे तिला कारण नाही, असे त्याने मांडले. त्यानंतर त्याच नगरातील ॲनॅक्झिमेनीझ म्हणाला की मूलद्रव्य हवा आहे. गुरूची गादी चालवताना गुरूचे मत खोडणे हा येथे अपराध ठरला नाही.

यांच्याइतकाच महत्त्वाचा पण कमी वाचला जाणारा विचारवंत म्हणजे कोलोफोनचा झेनोफेनीझ. इथिओपियन लोक आपले देव काळे आणि बसक्या नाकाचे आहेत असे सांगतात, थ्रेसचे लोक ते निळ्या डोळ्यांचे आणि तांबड्या केसांचे आहेत असे सांगतात, आणि बैलांना व घोड्यांना हात असते तर त्यांनी बैलांसारखे व घोड्यांसारखेच देव रंगवले असते, असे त्याने लिहिले. आपले मत आपण कोण आहोत यावरून ठरले असेल काय, हा प्रश्न इतक्या स्पष्टपणे विचारणारा त्याच्याआधीचा ग्रीक सापडत नाही.

३. युक्तिवाद, आधारविधान, निष्कर्ष, वैधता हे शब्द सोप्या भाषेत समजावून सांगाल का?

ज्या वाक्याविषयी ‘खरे’ किंवा ‘खोटे’ म्हणता येते ते विधान. काही विधाने आधार म्हणून देऊन त्यांच्यावरून दुसरे विधान मांडले, की युक्तिवाद तयार होतो. आधार देणारी ती आधारविधाने आणि शेवटी मांडलेला तो निष्कर्ष. ‘आमच्या काळी असे नव्हते’ हे विधान आहे. ‘आमच्या काळी असे नव्हते, म्हणून हे चूक आहे’ हा युक्तिवाद आहे, आणि त्यात ‘जे आमच्या काळी नव्हते ते चूक असते’ हे न उच्चारलेले आधारविधान दडलेले आहे. असे दडलेले विधान उजेडात आणले की अर्धे काम होते.

वैधता ही युक्तिवादाच्या आकाराची कसोटी आहे. आधारविधाने खरी मानली तर निष्कर्ष खोटा असूच शकत नाही, असा आकार असेल तर युक्तिवाद वैध. ‘सर्व मासे उडतात, देवमासा मासा आहे, म्हणून देवमासा उडतो’ हा युक्तिवाद पूर्णपणे वैध आहे, मात्र त्याची दोन्ही आधारविधाने खोटी आहेत. उलट, दोन खऱ्या विधानांवरून खरा निष्कर्ष काढूनही युक्तिवाद अवैध असू शकतो. ‘तुमचे म्हणणे तर्कशुद्ध आहे, पण खरे नाही’ हे वाक्य त्यामुळे परस्परविरोधी ठरत नाही.

आकार आणि आशय यांची ही फारकत ॲरिस्टॉटलने (इ. स. पू. ३८४–३२२) केली. विशिष्ट शब्दांच्या जागी त्याने अक्षरे वापरली: प्रत्येक ब हा अ असेल आणि प्रत्येक क हा ब असेल, तर प्रत्येक क हा अ असतो. दोन आधारविधाने आणि एक निष्कर्ष असलेल्या या रचनेला मराठी तर्कशास्त्रात ‘संविधान’ म्हणतात. राज्यघटनेशी तिचा संबंध नाही, तरी नवा विद्यार्थी हमखास गोंधळतो. पाठ्यपुस्तकांतील ‘सर्व मानव मर्त्य आहेत, सॉक्रेटिस मानव आहे’ हे प्रसिद्ध उदाहरण खुद्द ॲरिस्टॉटलच्या संविधानविषयक ग्रंथात नाही. त्याच्या सिद्धांतात एका विशिष्ट व्यक्तीविषयीच्या विधानांना फारसे स्थान नव्हते.

संपूर्ण विधाने परस्परांशी जोडून होणाऱ्या अनुमानांचा अभ्यास पुढे स्टोइक या तत्त्वज्ञान-संप्रदायाने, विशेषतः त्यातील क्रिसिपसने केला. सावजाचा माग काढत तिठ्यावर आलेला कुत्रा दोन वाटा हुंगतो आणि तेथे वास लागला नाही की तिसरी न हुंगताच तिच्याकडे धावतो, हे त्याचे उदाहरण सेक्स्टस एम्पिरिकस या संशयवादी लेखकाने नोंदवून ठेवले आहे. ‘ही, ती किंवा तिसरी, ही नाही, ती नाही, म्हणून तिसरी’ एवढा तर्क कुत्र्यालाही साधतो, असा त्याचा रोख होता.

४. ‘सॉक्रेटिसची पद्धत’ म्हणजे फक्त प्रश्न विचारणे का?

प्रश्न तर पोलीसही विचारतात आणि वकीलही. सॉक्रेटिसच्या (सुमारे इ. स. पू. ४७०–३९९) पद्धतीला ग्रीकमध्ये ‘एलेंखोस’ म्हणजे उलटतपासणी असे नाव आहे, आणि तिचे वैशिष्ट्य असे की समोरच्या माणसाचे मत त्याच्याच इतर मतांवर घासून पाहिले जाते. सॉक्रेटिस बाहेरून पुरावा आणत नाही. तो एवढेच दाखवतो की तू आत्ता जे म्हणालास आणि मघाशी जे मान्य केलेस ते एकत्र नांदत नाही.

सॉक्रेटिसचा शिष्य प्लेटो याचा ‘युथिफ्रो’ हा लहानसा संवाद यासाठी सर्वांत सोयीचा आहे. युथिफ्रो स्वतःच्या वडिलांवर मनुष्यवधाचा खटला भरण्यासाठी न्यायालयाबाहेर उभा आहे. नॅक्सॉस बेटावरील त्यांच्या शेतात एका मजुराने दारूच्या नशेत घरच्या गुलामाला ठार केले; वडिलांनी त्या मजुराचे हातपाय बांधून त्याला खड्ड्यात टाकले आणि पुढे काय करावे हे विचारण्यासाठी अथेन्सला माणूस पाठवला; तो परत येण्यापूर्वी थंडीने आणि भुकेने मजूर मेला. नातेवाईक म्हणतात, बापावर खटला भरणे हे पाप आहे. युथिफ्रो म्हणतो, पाप-पुण्य मला अचूक कळते. सॉक्रेटिसवरही अधर्माचाच आरोप नुकताच दाखल झालेला असल्यामुळे तो मोठ्या नम्रतेने म्हणतो की, मग मला शिकव.

युथिफ्रोचे पहिले उत्तर असे: मी आत्ता करतो आहे तेच पुण्य. हे उदाहरण झाले, व्याख्या नव्हे; ज्या लक्षणामुळे सर्व पुण्यकृत्ये पुण्य ठरतात ते लक्षण हवे आहे. दुसरे उत्तर येते: देवांना जे प्रिय ते पुण्य. पण देव आपापसांत भांडतात हे युथिफ्रोने आधीच मान्य केले आहे, आणि भांडण न्याय्य-अन्याय्य कशाला म्हणावे यावरूनच होते. मग तेच कृत्य एका देवाला प्रिय आणि दुसऱ्याला अप्रिय असेल, म्हणजे ते एकाच वेळी पुण्य आणि पाप होईल. युथिफ्रो सुधारणा करतो: सर्वच देवांना प्रिय असलेले ते पुण्य. येथे सॉक्रेटिस तो प्रश्न विचारतो जो आजही धर्म आणि नीती यांच्या चर्चेत टाळता येत नाही: ते पुण्य आहे म्हणून देवांना प्रिय आहे, की देवांना प्रिय आहे म्हणून पुण्य आहे? पहिले म्हटले तर पुण्याचे कारण देवांच्या आवडीपलीकडे शोधावे लागते. दुसरे म्हटले तर देवांची आवड बदलताच पाप हेच पुण्य होईल. आणखी काही वळणे घेऊन युथिफ्रो पुन्हा ‘देवांना प्रिय’ या उत्तरावरच येतो आणि घाईचे काम आहे असे सांगून निघून जातो.

या संवादात युथिफ्रोचे कृत्य चूक आहे असे सॉक्रेटिस कोठेही म्हणत नाही. एका मजुराच्या मृत्यूसाठी बापाला जाब विचारणारा मुलगा कदाचित योग्यही असेल. तपासणी होते ती त्याच्या खात्रीची.

५. हे संवाद निष्कर्षाशिवाय संपतात. मग हाती काय लागते?

हा आक्षेप प्लेटोने स्वतःच ‘मेनो’ या संवादात नोंदवला आहे. स्पर्शाने अंग बधिर करणाऱ्या माशासारखा तू आहेस, सद्‌गुणाविषयी मी हजार वेळा भाषणे केली आणि आता मला तो काय आहे हेही सांगता येत नाही, अशी तक्रार मेनो करतो. उत्तरादाखल सॉक्रेटिस मेनोच्या एका गुलाम मुलाला बोलावतो आणि जमिनीवर दोन फूट बाजूचा चौरस काढून, याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस किती बाजूचा असेल, असे विचारतो. मुलगा तात्काळ म्हणतो, चार फूट. क्षेत्रफळ चारऐवजी आठ हवे होते, येते सोळा. मग तो म्हणतो, तीन फूट. येते नऊ. आता तो थांबतो आणि म्हणतो, मला माहीत नाही. त्यानंतरच तो मूळ चौरसाच्या कर्णावर काढलेल्या चौरसापर्यंत पोहोचतो, आणि तेच बरोबर उत्तर आहे.

सॉक्रेटिसचा मुद्दा असा की बधिर झाल्यामुळे मुलाचे काही बिघडले नाही. आधी त्याला माहीत नव्हते आणि माहीत आहे असे वाटत होते. आता माहीत नाही आणि माहीत नाही हे कळले आहे, म्हणून तो शोधायला तयार आहे. आमच्या मते संपूर्ण ग्रीक वारशातील सर्वांत उपयोगी अर्धा तास हाच आहे. दुसऱ्याचा तर्कदोष ओळखण्यापेक्षा, आपले पहिले झटपट उत्तर चुकल्याचे स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे फार अधिक शिकवून जाते.

६. सोफिस्ट हे लबाड वकीलच होते ना?

ही प्रतिमा मुख्यतः प्लेटोने घडवली, आणि तो त्यांचा विरोधक होता हे लक्षात ठेवले पाहिजे. अथेन्सच्या न्यायालयात पक्षकाराला स्वतः उभे राहून बोलावे लागे, आणि सभेत बोलता येत नसेल तर राजकारणात जागा नसे. त्यामुळे वक्तृत्व शिकवणाऱ्या या सोफिस्टांना मागणी होती आणि ते शुल्क घेत. त्यांच्यापैकी प्रॉडिकसचे पन्नास द्राख्मांचे (द्राख्मा हे ग्रीक नाणे) व्याख्यान ऐकले असते तर शब्दांविषयी सर्व कळले असते, पण मी एका द्राख्मावालेच ऐकले, असा टोमणा सॉक्रेटिसच्या तोंडी आहे. शिकवणीचे शुल्क घेणे हाच दोष मानला तर आज फारच थोडे शिक्षक निर्दोष ठरतील.

कोणत्याही विषयाच्या दोन्ही बाजू मांडून पाहण्याचा त्यांचा सराव ही चिकित्सेला मिळालेली खरी देणगी आहे. पुढे इ. स. पू. १५५ मध्ये अथेन्सचा राजदूत म्हणून रोमला गेलेल्या कार्निएडीझने एके दिवशी न्यायाच्या बाजूने आणि दुसऱ्या दिवशी न्यायाच्या विरुद्ध भाषण केले. तो सोफिस्ट नव्हता, प्लेटोने स्थापन केलेल्या अकादमी या विद्यापीठाचा प्रमुख होता. तरुण रोमन श्रोते भारावून गेले आणि वृद्ध रोमन राजकारणी केटोने या पाहुण्यांना लवकर परत पाठवण्याची खटपट केली.

७. तर्कदोष एकूण किती? सर्व पाठ करावेत का?

ॲरिस्टॉटलने तेरा सांगितले: सहा भाषेमुळे होणारे, सात भाषेबाहेरचे. आज प्रचलित असलेल्या याद्या त्यापेक्षा पुष्कळ लांब आहेत आणि त्यांना अंत नाही, कारण चुकण्याच्या वाटा मोजता येत नाहीत. पाठांतराचा एक तोटा असा की माणूस दोषाचे नाव घेऊन थांबतो आणि दोष कोठे आहे ते दाखवत नाही.

मोजके दोष मात्र खोलवर समजून घ्यावेत. पहिला, शब्दाचा अर्थ मध्येच बदलणे किंवा दोन गुणधर्म चुकीच्या रीतीने जोडणे. प्लेटोच्या ‘युथिडेमस’ या विनोदी संवादात एक वादपटू सिद्ध करतो की, तुझ्या कुत्र्याला पिल्ले आहेत, म्हणजे तो बाप आहे. तो तुझा आहे. म्हणून तो तुझा बाप आहे, आणि त्याला मारतोस तेव्हा तू बापाला मारतोस. हसू येते, पण ‘तुझा’ या शब्दाचे मालकी आणि नाते असे दोन अर्थ वेगळे करून दाखवेपर्यंत उत्तर देता येत नाही.

दुसरा, परिणामावरून कारण गृहीत धरणे. पावसानंतर जमीन ओली होते, म्हणून ओली जमीन दिसली की पाऊस पडला असे आपल्याला वाटते, हे ॲरिस्टॉटलचेच उदाहरण आहे. जमीन पाण्याच्या गळक्या टँकरनेही ओली होते. मध पिवळा असतो म्हणून पिवळे पित्तही मध वाटते, असेही तो म्हणतो. ‘औषध घेतले आणि बरा झालो’ हा याचाच सख्खा भाऊ. तिसरा, जे सिद्ध करायचे तेच आधार म्हणून वापरणे. चौथा, अनेक प्रश्न एकात गुंफून एकच उत्तर मागणे: ‘तुम्ही लाच घेणे कधी बंद केले?’ या प्रश्नाला तारीख सांगितली तरी अडचण, आणि ‘बंद केले नाही’ म्हटले तरी अडचण.

८. बोलणाऱ्याच्या चारित्र्याचा उल्लेख केला की तो नेहमीच तर्कदोष होतो का?

नाही, आणि याबाबत पुष्कळ सुशिक्षित माणसे चुकतात. युक्तिवाद समोर मांडलेला असेल तर तो कोणी मांडला याला महत्त्व नाही. दारुड्याने दारूचे दुष्परिणाम सांगितले तरी ते खोटे होत नाहीत. मात्र जेथे आपण युक्तिवादावर नव्हे, तर माणसाच्या शब्दावर विसंबतो, तेथे त्याची विश्वासार्हता हाच मुद्दा असतो. साक्षीदाराला पैसे दिले गेले होते का, ही चौकशी पूर्णपणे योग्य आहे. ‘वक्तृत्वशास्त्र’ या ग्रंथात ॲरिस्टॉटलने श्रोत्यांना पटवण्याची तीन साधने सांगितली: वक्त्याचे चारित्र्य, श्रोत्यांची भावना आणि स्वतः युक्तिवाद. पहिली दोन त्याने निषिद्ध ठरवली नाहीत.

९. ॲरिस्टॉटलच्या कितीतरी गोष्टी चुकीच्या निघाल्या. त्याच्याकडून विचार करायला कसे शिकायचे?

पुरुषांना स्त्रियांपेक्षा अधिक दात असतात असे त्याने लिहिले आहे. जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा वजनाच्या प्रमाणात वेगाने पडते हे त्याचे मत टिकले नाही. काही माणसे स्वभावतःच गुलाम असतात हे ‘राज्यशास्त्र’ या ग्रंथातील त्याचे प्रतिपादन तर केवळ वस्तुस्थितीची चूक म्हणून सोडून देता येणार नाही. समाजातील सोयीच्या व्यवस्थेला निसर्गाचे नाव देण्याची ती चूक आहे, आणि झेनोफेनीझने (प्रश्न २) देवांबद्दल दिलेला इशारा येथे माणसांबद्दल लागू पडतो.

तरीही उत्तर होकारार्थी आहे. वीस वर्षे प्लेटोच्या अकादमीत राहिलेल्या ॲरिस्टॉटलने प्लेटोच्या मुख्य सिद्धांतावर टीका करताना लिहिले की मित्र आणि सत्य दोन्ही प्रिय असले तरी सत्याला आधी मान देणे कर्तव्य आहे. हाच निकष त्याला लावायचा. शतकानुशतके ‘ॲरिस्टॉटल म्हणतो’ हाच पुरावा मानणाऱ्यांनी त्याचे ग्रंथ जपले आणि त्याची रीत सोडली.

१०. समाजमाध्यमांवर फिरणारी सॉक्रेटिस-ॲरिस्टॉटल यांची वचने खरी असतात का?

बरीचशी नसतात. ‘मला एवढेच माहीत आहे की मला काहीच माहीत नाही’ हे वाक्य या रूपात प्लेटोच्या कोणत्याही संवादात नाही. ‘ॲपॉलॉजी’ या, सॉक्रेटिसचे न्यायालयातील भाषण देणाऱ्या प्लेटोच्या ग्रंथात तो याहून सावधपणे बोलतो: ज्याची मी तपासणी केली तो माणूस माहीत नसताना माहीत आहे असे समजतो, मी माहीत नसताना तसे समजत नाही, एवढ्याच अंशाने मी अधिक शहाणा. ‘आपण वारंवार जे करतो तेच आपण असतो’ हे ॲरिस्टॉटलचे नव्हे. अमेरिकन लेखक विल ड्युरंट यांनी १९२६ साली त्याच्या विचाराचा केलेला तो सारांश आहे. ‘आजची तरुण पिढी ऐषारामी आणि उद्धट आहे’ ही सॉक्रेटिसच्या नावावरील तक्रार केनेथ फ्रीमन या इंग्रज अभ्यासकाच्या १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातून आली. मन म्हणजे भरायचे भांडे नव्हे, पेटवायचे लाकूड आहे, हा विचार सॉक्रेटिसचा नसून प्लुटार्कचा.

‘विचार स्वीकारल्याशिवाय त्याच्याशी खेळता येणे हे सुशिक्षित मनाचे लक्षण’ हेही ॲरिस्टॉटलचे नाही. सुशिक्षिताच्या लक्षणाविषयी तो वेगळेच आणि अधिक कामाचे सांगतो. ते पुढच्या प्रश्नात पाहावे. ‘अपरीक्षित जीवन माणसाने जगण्याजोगे नाही’ हे मात्र प्लेटोच्या ‘ॲपॉलॉजी’ मध्ये सॉक्रेटिसच्या तोंडी खरोखर आहे. सॉक्रेटिसने स्वतः काहीच लिहिले नाही, त्यामुळे त्याचे प्रत्येक वचन प्लेटो, झेनोफॉन किंवा ॲरिस्टोफेनीझ यांच्यामार्फतच आपल्यापर्यंत येते.

११. एखादी गोष्ट मान्य करण्यासाठी किती पुरावा पुरेसा मानावा?

ॲरिस्टॉटलचे उत्तर असे की विषयाचे स्वरूप जितकी अचूकता पेलू शकते तितकीच त्या विषयात मागणे हे सुशिक्षिताचे लक्षण आहे. गणितज्ञाकडून ‘बहुधा असेल’ एवढ्यावर समाधान मानणे आणि वक्त्याकडून गणिती सिद्धता मागणे सारखेच चूक आहे. डॉक्टरांनी उपचार सुचवल्यावर शंभर टक्के हमी मागणारा रुग्ण आणि ‘आमच्या शेजाऱ्यांना गुण आला’ एवढ्यावर औषध घेणारा रुग्ण हे दोघेही या नियमाची दोन टोके मोडतात.

१२. प्रत्येक आधाराला पुन्हा आधार मागत गेलो तर हे संपणार कोठे?

हा प्रश्न संशयवाद्यांनी, म्हणजे कोणतेही मत खात्रीने मानू नये असे म्हणणाऱ्या ग्रीक तत्त्वज्ञांनी, सर्वांत कठोरपणे मांडला. त्यांच्यातील अग्रिपाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाच युक्त्यांपैकी तीन अशा आहेत: आधाराला आधार देत गेलो तर साखळी अनंत होते, मध्येच थांबलो तर ती मनमानी ठरते, आणि मागच्याच विधानाकडे परत आलो तर ते चक्र होते. आपल्याकडे न्यायदर्शनात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या परंपरेत, पहिल्याला अनवस्था आणि परस्परांवर टेकलेल्या आधारांना अन्योन्याश्रय म्हणतात, म्हणजे ही अडचण एकट्या ग्रीकांची नाही.

ॲरिस्टॉटलच्या मते प्रत्येक गोष्टीची सिद्धता मागणे हेच अशिक्षितपणाचे लक्षण आहे. काही तत्त्वे सिद्ध होत नाहीत, पण ती नाकारणाऱ्यालाही वापरावी लागतात. ‘एकच गोष्ट एकाच वेळी आणि एकाच अर्थाने आहे आणि नाही असे होऊ शकत नाही’ हे तत्त्व नाकारणाऱ्याने निदान एक अर्थपूर्ण शब्द उच्चारावा, एवढीच त्याची अट आहे. शब्द उच्चारताच तत्त्व मान्य होते. यातून संशयवाद्यांच्या प्रश्नाचे पूर्ण समाधान झाले असे आम्हांला वाटत नाही. व्यवहारात मात्र साखळी तेथे थांबवता येते जेथे दोन्ही पक्षांना शंका उरलेली नसते, आणि नवी शंका निघाली तर ती पुन्हा उघडता येते.

१३. ‘ज्याचे त्याचे सत्य वेगळे’ हे मानले तर वादच मिटतात. त्यात चूक काय?

‘मनुष्य सर्व वस्तूंचे मोजमाप आहे’ हे प्रोटॅगोरस या सोफिस्टाचे वचन येथे आधाराला घेतले जाते. तोच वारा एकाला गार वाटतो आणि दुसऱ्याला वाटत नाही, एवढ्यापुरते ते निर्विवाद आहे. प्लेटो ‘थिएटिटस’ मध्ये विचारतो की, प्रत्येकाचे मत खरे असेल तर ‘प्रोटॅगोरस चुकला’ असे मानणाऱ्या बहुसंख्यांचे मतही प्रोटॅगोरसला खरे मानावे लागेल. यावर ‘ते त्यांच्यापुरते खरे, माझ्यापुरते नाही’ अशी पळवाट निघते, आणि प्लेटोने ती पुरेशी बंद केली का याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. त्याचा दुसरा मुद्दा अधिक पक्का आहे: उद्या ताप येईल की नाही याविषयी वैद्याचे आणि सामान्य माणसाचे मत वेगळे असेल, तर उद्या उजाडल्यावर दोन्ही खरी ठरत नाहीत. भविष्याविषयीच्या मतांना ‘माझ्यापुरते’ हे कवच मिळत नाही.

१४. लहान मुलांना वादविवाद शिकवावा का?

प्लेटो येथे आजच्या उत्साहाला लगाम घालतो. ‘रिपब्लिक’ च्या सातव्या भागात तो सांगतो की, खंडन-मंडनाची चव प्रथम चाखलेली पोरे कुत्र्याच्या पिल्लांसारखी जवळ येईल त्याला ओढतात आणि फाडतात; पुष्कळांना हरवून आणि पुष्कळांकडून हरून शेवटी त्यांचा कशावरच विश्वास उरत नाही. म्हणून हे शिक्षण तो तिशीनंतर, पाच वर्षे द्यावे असे म्हणतो. वयाची अट फारच कडक आहे, पण निदान नेमके आहे. मुलांना आधी स्वतःच्या उत्तराची तपासणी शिकवावी (प्रश्न ५ मधील चौरसाप्रमाणे), दुसऱ्याच्या चुकांची यादी नंतर.

१५. सॉक्रेटिसला लोकशाहीने मारले. मग चिकित्सेला लोकशाही मानवत नाही असे म्हणावे का?

इ. स. पू. ३९९ मधील हा खटला सुमारे पाचशे नागरिकांच्या न्यायमंडळापुढे चालला. नगराचे देव न मानणे, नवी दैवते आणणे आणि तरुणांना बिघडवणे हे आरोप होते. तीस मते इकडची तिकडे झाली असती तर मी सुटलो असतो, असे सॉक्रेटिस स्वतः म्हणतो. त्याच्या चार-पाच वर्षे आधी स्पार्टाच्या पाठिंब्याने तीस जणांच्या जुलमी मंडळाने अथेन्सची लोकशाही उलथवली होती, आणि त्यांचा म्होरक्या क्रिटियस हा सॉक्रेटिसच्या सहवासातला होता. त्याच मंडळाने सलामिसच्या लिऑनला पकडून आणण्याचा हुकूम सोडला, तेव्हा सॉक्रेटिस तो धुडकावून घरी गेला होता, हेही तितकेच खरे. दोषी ठरल्यावर पर्यायी शिक्षा सुचवण्याच्या टप्प्यावर त्याने आधी सरकारी खर्चाने भोजनाचा सन्मान मागून न्यायमंडळाला डिवचले. एका घटनेवरून संपूर्ण राज्यपद्धतीविषयी निष्कर्ष काढणे हे घाईचे सामान्यीकरण आहे. सत्तर वर्षांचा होईपर्यंत ज्या नगराने त्याला भर बाजारात प्रश्न विचारू दिले, ते नगरही अथेन्सच होते.

१६. आपल्या न्यायदर्शनात हे सर्व आधीच नव्हते का? ग्रीकांनी ते भारतातून नेले का?

दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. साम्य खरे आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन अशी पाच अवयवांची रचना आहे; वाद (सत्यशोधनासाठी), जल्प (जिंकण्यासाठी) आणि वितंडा (केवळ खंडनासाठी) असा भेद आहे, आणि ‘वितंडवाद’ हा शब्द मराठीत तेथूनच आला. फरकही खरा आहे. पर्वतावर धूर आहे म्हणून अग्नी आहे, या अनुमानात नैयायिकाला (न्यायदर्शनाच्या अनुयायाला) स्वयंपाकघरासारखे प्रत्यक्ष उदाहरण द्यावे लागते, कारण त्याला खरे ज्ञान कसे होते हे सांगायचे आहे. ॲरिस्टॉटलला आशय बाजूला ठेवून केवळ आकार तपासायचा आहे.

देवाणघेवाणीचे काही दुवे मिळतात. पिऱ्हो हा संशयवादाचा प्रवर्तक अलेक्झांडरच्या स्वारीबरोबर भारतात आला आणि येथील नग्न तपस्व्यांना भेटला, असे तत्त्वज्ञांचा चरित्रकार डायोजीनीझ लेअर्शियस सांगतो. पण तो पिऱ्होनंतर सुमारे पाचशे वर्षांनी लिहीत होता. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात यवन म्हणजे ग्रीक राजा मिनँडर आणि भिक्षू नागसेन यांची प्रश्नोत्तरे आहेत, तीही ॲरिस्टॉटलनंतरची. भेट झाली यावरून तर्कशास्त्र उचलले असा निष्कर्ष काढणे म्हणजे ओल्या जमिनीवरून पाऊस ठरवणे होय (प्रश्न ७).

१७. घरच्या माणसांवर ही पद्धत वापरली की भांडण होते. माझे काय चुकते?

असे अनुभव पुष्कळ वाचक कळवतात, आणि ते नवे नाहीत. ‘ॲपॉलॉजी’ मध्ये सॉक्रेटिस सांगतो की, श्रीमंत घरांतली रिकामटेकडी तरुण मुले त्याचे अनुकरण करत लोकांची उलटतपासणी घेत, आणि अपमान झालेले लोक स्वतःवर चिडण्याऐवजी सॉक्रेटिसवर चिडत. उलटतपासणी उपयोगी पडण्यासाठी समोरच्याने उत्तर देण्याची तयारी दाखवलेली असावी लागते, आणि आपले मतही त्याच वेळी पटावर ठेवलेले असावे लागते. जेवणाच्या ताटावर काकांना व्याख्या विचारणाऱ्याने यांपैकी एकही अट पाळलेली नसते.

वादाचे नियम सांगणाऱ्या ‘टॉपिक्स’ या ग्रंथाच्या शेवटी ॲरिस्टॉटलने बजावून ठेवले आहे की प्रत्येकाशी वाद घालू नये आणि वाटेत भेटेल त्याच्यावर सराव करू नये, कारण काही माणसांशी बोलताना युक्तिवाद बिघडतोच. ही सूचना वाचताना बहुतेकांना आपले काका आठवतात. काकांनी ती वाचली तर त्यांना कोण आठवेल, तेवढे पुढचा प्रश्न पाठवण्यापूर्वी पाहावे.